वेष्टनातलं मानक

सरकारी छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासून बाई निवृत्त झाल्या, पण छापखान्यात पडलेलं नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. कंपोझिंगच्या खोलीतल्या कुणीतरी कधीतरी त्यांना ‘कानामात्राबाई’ म्हटलं होतं. ते नाव जिना उतरून रस्त्यावर आलं आणि बघता बघता कोपऱ्यावरच्या दुकानदारापर्यंत पोचलं. बाईंना त्याचं वाईट वाटत नसे. “नावं ठेवणाऱ्यांनी निदान शुद्ध ठेवलंय,” असं म्हणून त्या हसायच्या.

डोळ्यांना लागलेली सवय निवृत्त होत नाही. औषधाच्या बाटलीतला कागद असो, बसच्या थांब्यावरची पाटी असो, नाहीतर भावाच्या मुलीची लग्नपत्रिका असो, बाई ते वाचत आणि तपासत. ओळीखाली लोखंडी पट्टी धरून, एक एक शब्द पट्टीवर उभा करून वाचायची त्यांची पद्धत होती. शब्दाला त्या एक वेळ माफ करत, आकड्याला कधीच नाही. “अक्षर चुकलं तर वाचणारा हसतो, आकडा चुकला तर वाचणारा फसतो,” हे त्यांनी हाताखाली आलेल्या प्रत्येकाला ऐकवलं होतं. मूळ प्रतीशी ताडून बघितल्याशिवाय एकही आकडा पुढे सोडायचा नाही, हा त्यांचा नेम. तो एकतीस वर्षांत एकदाच मोडला.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी पाळणाघरांचा कायदा छापायला आला होता. त्यात एक कलम होतं: पाळणाघरातल्या जिन्याचा कठडा ‘मानक क्रमांक ४१७, तिसरी आवृत्ती’ यानुसार असावा. एवढंच. कठडा किती उंच, गज किती अंतरावर, याबद्दल अवाक्षर नाही. बाईंनी विधी खात्यात फोन लावला.

“ते मानक पाठवून द्या. क्रमांक आणि आवृत्ती ताडून बघायचीय.”

पलीकडचा माणूस जरा हसला. “बाई, मानक आमच्याकडेही नाही. ते मानक मंडळाचं पुस्तक. त्यांच्याकडून विकत घ्यावं लागतं.”

“पण तुम्ही कायद्यात घातलंय ना ते?”

“नाव घातलंय. तुम्ही कानामात्रा बघा, मानकाचं आम्ही बघू.”

बाईंनी मुद्रितावर सही केली. पण जेवताना जिभेला केस लागावा आणि काही केल्या सापडू नये, तसं ते चारशे सतरा कितीतरी दिवस त्यांच्या तोंडात राहिलं. न वाचलेल्या पुस्तकाला त्यांनी बरोबरची खूण केली होती.

त्यानंतर सहा वर्षं गेली. बाई तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत होत्या आणि मजेत होत्या. सकाळी फिरणं, दुपारी वाचन, रविवारी धाकट्या भावाकडे जेवण. भावाचं वेल्डिंगचं दुकान होतं. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे करायचा. हात असा की लोखंड त्याच्या पुढ्यात मेणासारखं वाकायचं. बोलायला मात्र तो लोखंडासारखाच होता, तापल्याशिवाय वाकायचा नाही.

एका रविवारी ताट समोर आलं तरी हा भिंतीकडे बघत बसलेला. भावजय म्हणाली, “ताई, तुम्हीच विचारा. दोन दिवस असंच चाललंय. माझ्याशी बोलायचं म्हणजे जणू शब्दागणिक विजेचं बिल वाढतं.”

“काय झालं रे?”

“पाळणाघराचा कठडा नापास केला.”

हे काम बाईंना ठाऊक होतं. पलीकडच्या रस्त्यावर एका बाईंनी पाळणाघर काढलं होतं आणि त्यासाठी दुमजली घर घेतलं होतं. जिन्याचा आणि वरच्या मजल्यावरच्या गॅलरीचा कठडा भावाने केला होता. एकशे चौदा उभे गज, आणि मधोमध, गुडघ्याच्या उंचीवर, लोखंडी पानाफुलांची एक आडवी पट्टी. प्रत्येक पान हाताने कापून, घासून बसवलेलं. ती पट्टी म्हणजे त्याची सहीच होती. गावभर कुठल्याही कठड्यावर ती पानं दिसली की लोक ओळखायचे.

“का नापास केला?”

“मानकाप्रमाणे नाही म्हणे.”

“मानकात काय आहे?”

“मीही तेच विचारलं. तर तपासनीस म्हणतो, मानकात आहे ते. म्हटलं, अहो पण आहे काय? तर म्हणतो, मानकाप्रमाणे कठडा असावा, हे आहे. आता बोल! त्याच्याकडे एक कागद आहे. झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. त्यात लिहिलंय, दोन गजांमधलं अंतर नव्वद मिलिमीटर. माझं पंच्याण्णव आहे.”

“आणि खरं मानक?”

“ते विकत मिळतं. फोन करून किंमत विचारली, मग फोन कानापासून जरा लांब धरला. आणि वर मंडळातली ती बाई म्हणते, पुस्तक तुमच्या एकट्याच्या नावावर, दुसऱ्याला दाखवायचं नाही. ताई, कायदा पाळायचा आहे मला. चोरी नाही करायची. पण कायदा बघायला तिकीट लागतं हे नव्हतं माहीत.”

“कितवं मानक?” बाईंनी विचारलं, आणि उत्तर येण्याआधीच त्यांच्या हातातला घास थांबला होता.

“चारशे सतरा.”

बाई पुढे जेवल्या, पण काय जेवल्या ते त्यांना सांगता आलं नसतं. त्याच कायद्यातलं बाविसावं कलम त्यांना आठवत होतं. त्यातला ‘पाहाता’ त्यांनी ‘पाहता’ केला होता, म्हणून तर ते शब्दन् शब्द लक्षात राहिलं होतं. हात धुता धुता त्या म्हणाल्या, “ऐक. ‘या कायद्यात उल्लेखिलेल्या मानकांची एक प्रत मुख्य कार्यालयात ठेवावी व ती कोणाही नागरिकास कार्यालयीन वेळेत विनाशुल्क पाहता येईल.’ उद्या जाते मी.”

“कुणी दाखवणार नाही तुला.”

“दाखवतील. मी नागरिक आहे आणि मला वेळच वेळ आहे. अशा माणसापुढे कार्यालयाचं काही चालत नाही.”

मुख्य कार्यालयाचा दप्तरखाना तळमजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला होता. तिथला कारकून निवृत्तीला टेकलेला. त्याला सगळे दप्तरवाले म्हणत. टेबलावर चहाचा कप, कपावर बशी झाकलेली, आणि समोर एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीवर कुणी बसल्याचं त्यालाच आठवत नसावं, कारण तिच्यावर त्याने छत्री वाळत घातली होती.

“मानक चारशे सतरा बघायचंय,” बाई म्हणाल्या.

“कशाला?”

“वाचायला.”

दप्तरवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. कुणीतरी वाचायला आलंय, ही गोष्ट पचवायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते उठले, किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागच्या लोखंडी कपाटाशी गेले, चार किल्ल्या फिरवून पाहिल्या, पाचवी लागली. आत पुस्तकांची रांग होती. त्यातलं एक काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. वरचं प्लॅस्टिकचं वेष्टन जसंच्या तसं होतं. छापखान्यातून निघालं तसं सहा वर्षं कपाटात उभं होतं.

बाईंनी हात पुढे केला. दप्तरवाल्यांनी पुस्तक स्वतःकडे ओढलं.

“वेष्टन फोडता येणार नाही. सरकारी मालमत्ता आहे.”

“मग वाचू कशी?”

“कायद्यात ‘पाहता येईल’ लिहिलंय ना? हे बघा. पाहिलंत.”

बाईंनी मुखपृष्ठ पाहिलं. पट्टी काढून त्यावरची प्रत्येक ओळ नीट वाचली. मग पट्टी बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, “मुखपृष्ठ पाहिलं. चूक नाही. आता आतली पानं पाहायची आहेत. ती पारदर्शक असतील तर मला वेष्टन चालेल.”

दप्तरवाल्यांच्या ओठांचा कोपरा हलला, पण ते हसले नाहीत. “साहेबांना विचारावं लागेल.”

साहेब म्हणजे एक तरतरीत, पन्नाशीच्या अधिकारी बाई होत्या. त्या खाली आल्या, कलम बावीस त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं, पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं आणि दप्तरवाल्यांना म्हणाल्या, “हे आपण सहा वर्षांत उघडलंच नाही?”

“कुणी मागितलं नाही, मॅडम.”

“मग तपासनीस काय बघून तपासतात?”

दप्तरवाले किल्ल्यांचा जुडगा चाळू लागले. अधिकारी बाईंनी स्वतःच्या नखाने वेष्टन फाडलं. त्या म्हणाल्या, “झेरॉक्स देता येणार नाही आणि फोटोही नाही. मंडळाचा हक्क आहे त्यावर, तसं आम्ही लिहून दिलंय. इथे बसून मात्र वाचा हवं तितकं.”

“हाताने उतरवून घेतलं तर?”

अधिकारी बाईंनी कलम बावीसवर पुन्हा एकदा नजर फिरवली. “तुमच्या कामापुरतं टिपण म्हणता? त्याला मनाई आहे असं काही मी वाचलेलं नाही.”

“मीही नाही,” बाई म्हणाल्या, “आणि मी सगळं वाचते.”

दप्तरवाल्यांनी खुर्चीवरची छत्री उचलली.

बाई दोन दिवस तिथे बसल्या. कठड्यांबद्दलची पानं अकरा होती. डब्यात पोळीभाजी, पिशवीत वही, ओळीखाली पट्टी. पहिल्या दिवशी दप्तरवाले समोर बसून त्यांच्यावर पाळत ठेवत होते, पान फाडतात की काय म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून बसायची उशी आणली. “खुर्ची कडक आहे,” एवढंच म्हणाले. दुपारी त्यांनाही राहवेना. त्यांनी कपाटातून दुसरं एक मानक काढलं, आगीच्या वेळच्या दारांबद्दलचं, आणि वाचायला घेतलं. अर्ध्या तासाने ते उठून आपल्याच खोलीच्या दाराशी गेले, दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं.

“काय झालं?” बाईंनी विचारलं.

“आपलं दार उलटं उघडतं हो. एकवीस वर्षं बसलोय मी या खोलीत!”

बाईंना हवं होतं ते पहिल्याच दिवशी सापडलं होतं. तिसऱ्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं: शंभर मिलिमीटर व्यासाचा गोळा दोन गजांमधून पार जाता कामा नये. म्हणजे पंच्याण्णवाचा भावाचा कठडा चोख होता. मग तपासनिसाच्या कागदावरचं नव्वद कुठून आलं, तेही प्रस्तावनेत सापडलं. दुसऱ्या आवृत्तीत अंतर नव्वद होतं. तिसऱ्या आवृत्तीत गोळ्याची चाचणी आली आणि अंतर बदललं. कायदा तिसऱ्या आवृत्तीचं नाव घेत होता आणि तपासनीस दुसरीवरून माप घेत होता. बाईंच्या अंगावर एक सुखाची शिरशिरी आली. चूक सापडल्यावर यायची तशीच, कितीतरी दिवसांनी.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी, नवव्या पानावर, पट्टी एका ओळीखाली थांबली आणि पुढे सरकेना. ‘जमिनीपासून शंभर ते साडेसातशे मिलिमीटर उंचीच्या दरम्यान कठड्याला पाय ठेवता येईल असा कोणताही आडवा भाग नसावा.’ खाली बारीक अक्षरात टीप होती: तीन ते पाच वर्षांची मुलं असा भाग शिडीसारखा वापरतात, दुसऱ्या आवृत्तीत ही अट नव्हती. तपासनिसाच्या कागदावरही ती नव्हती.

गुडघ्याच्या उंचीवरची पानाफुलांची पट्टी बाईंच्या डोळ्यांसमोर आली.

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. शंभराचा आकडा सांगितला की काम भागत होतं. नवव्या पानाबद्दल कुणी विचारणार नव्हतं, कारण ते कुणाला माहीतच नव्हतं. भावाचा कठडा वाचला असता, मान राहिला असता, आणि रविवारी जेवण नीट झालं असतं. हा विचार एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत टिकला. मग त्यांनी तो सोडून दिला. आधीच एकदा न वाचता सही केली होती. आता वाचून न वाचल्यासारखं करायचं, हे त्याच्याहून वाईट होतं.

त्या थेट दुकानात गेल्या. भाऊ गेटच्या बिजागरीवर वाकला होता. मशीन बंद करून, काच वर करून त्याने ताईच्या तोंडाकडे बघितलं.

“पास का नापास?”

“दोन्ही.”

बाईंनी वही उघडून वाचून दाखवलं. शंभराच्या गोळ्याशी तो खुशीने मांडीवर थाप मारून हसला. नवव्या पानाशी त्याचं हसू मावळलं.

“म्हणजे माझी पानं काढायची?”

“तसं लिहिलंय.”

“ताई, मी तुला कठडा पास करायला पाठवलं होतं की नापास करायला? तपासनीस परवडला! तो फक्त पाच मिलिमीटरसाठी अडून बसला होता. तू तर अख्खी पट्टीच उडवलीस.”

“मी नाही उडवली. मी वाचली.”

“एकच ते!” तो म्हणाला आणि मशीन सुरू केलं. ठिणग्यांच्या आवाजात पुढचं बोलणं राहूनच गेलं. बाई वही तिथेच, त्याच्या टेबलावरच्या नकाशांशेजारी ठेवून घरी गेल्या.

दोन दिवसांनी त्याचाच फोन आला. तपासनीस पाळणाघरात येणार आहे, तूही ये, म्हणाला. आवाज अजून ताठच होता.

बाई पोचल्या तेव्हा खालच्या एका खोलीत सव्वीस मुलांचा कलकलाट चालला होता. वरची खोली परवानगीशिवाय उघडता येत नव्हती, त्यामुळे सगळी तिथेच कोंबलेली. पाळणाघरवाल्या बाई एकाचं नाक पुसत, दुसरीची बुटाची नाडी बांधत, तिसऱ्याला खिडकीवरून उतरवत बोलत होत्या. तपासनीस जिन्याजवळ उभा होता. तिशीतला, नीट भांग पाडलेला, हातात तो मुंग्यांचा कागद. भावाने आणलेल्या वहीतून बाईंनी त्याला मानकाचं तिसरं पान वाचून दाखवलं आणि आवृत्तीची गोष्ट सांगितली. त्याने आधी मान हलवली, मग वही मागून घेतली, मग स्वतःचा कागद उलटून बघितला. कागदाच्या तळाशी पुसट झालेली एक ओळ होती. दोघांनी मिळून ती लावली: ‘दुसऱ्या आवृत्तीवरून.’

त्याचे कान लाल झाले. “मला हा कागद माझ्या आधीच्या साहेबांनी दिला. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. मूळ पुस्तक मी कधी पाहिलं नाही हो.”

“आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार,” बाई समजुतीने म्हणाल्या.

“आड होता, बाई. कुठे आहे ते कुणी दाखवलं नव्हतं.”

पाळणाघरवाल्या बाईंसह सगळे वर गॅलरीत आले. “बरं, अजून एक आहे,” म्हणत बाईंनी भावाकडे पाहिलं. सांगायचं की नाही ते त्यांनी त्याच्यावर सोडलं होतं. तो गॅलरीच्या कठड्याकडे पाठ करून उभा होता. त्याच्यामागे ती पानं चमकत होती.

तोच बोलला. “नवव्या पानावर आडव्या पट्टीचं काहीतरी म्हटलंय. पण ते मला काही पटत नाही. इतक्या बारक्या पानांवर पोरं कशाला चढतील? पाय तरी मावेल का?”

माणसं जिना चढून वर आली तेव्हा खालच्या खोलीचं दार उघडंच राहिलं होतं. चारेक वर्षांची एक मुलगी, दोन शेंड्या, एका पायात मोजा आणि दुसऱ्यात नाही, अशी वर आली. मोठ्या माणसांकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. ती सरळ कठड्याकडे गेली, खाली काय दिसतं ते बघायला. आधी तिने गजांमधून पाहिलं. दिसलं नसावं. मग पाय उचलून तिने एका लोखंडी पानावर ठेवला, दुसरा पाय फुलावर, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तिचं पोट कठड्याच्या वर आलं.

भावाने तिला उचललं. कसं ते त्यालाही कळलं नाही. एवढंच कळलं की ती त्याच्या कडेवर आहे. मुलगी त्याचा खरखरीत गाल चाचपून म्हणाली, “पुन्हा.”

पाळणाघरवाल्या बाईंनी तोंडावर हात धरला होता. भावाने मुलीला त्यांच्याकडे दिलं, खाली वाकून त्या पानावर बोट फिरवलं आणि म्हणाला, “कापतो. आजच कापतो.” मग ताईकडे न बघताच, “ते नववं पान पुन्हा वाच बघू. किती उंचीपासून किती?”

त्या आठवड्यात पट्टी निघाली. गज मोकळे झाले तर कठडा उघडाबोडका दिसेल, अशी त्याला धास्ती होती. म्हणून त्याने मानकाची ओळ समोर ठेवून डोकं चालवलं आणि पानं वर, हाताच्या दांडीखाली, पाय पोचणार नाही अशा उंचीवर नेली. शंभर मिलिमीटरचा एक लाकडी गोळा त्याने सुताराकडून करून घेतला आणि तपासनिसासमोर एकशे चौदा गजांमधल्या प्रत्येक फटीला तो लावून दाखवला. गोळा कुठेच पार गेला नाही. वरची खोली उघडली. मुलं एकदम वर धावली तेव्हा भाऊ जिन्याच्या तळाशी उभा राहून कठड्याकडेच बघत होता.

“आधीपेक्षा बरा दिसतोय,” भावजय म्हणाली.

“आधीही वाईट नव्हता,” तो म्हणाला. पण पुढच्या रविवारी त्याने ताईच्या ताटात स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा वाढलं, आणि त्याच्या घरात हे कधी घडलेलं नव्हतं.

तपासनिसाने मात्र गोष्ट तिथे सोडली नाही. त्याने बाईंची वही दोन दिवसांसाठी मागून नेली आणि परत आणली ती अधिकारी बाईंची चिठ्ठी घेऊनच. चिठ्ठीत लिहिलं होतं की त्यांच्या कार्यालयात असे कागद घेऊन फिरणारे आणखी सात तपासनीस होते, आणि कपाटात तेहतीस मानकं वेष्टनात होती. कायद्यांनी नावं घेतलेली, लोकांवर बंधनकारक, आणि कुणी न वाचलेली. अधिकारी बाईंनी मंडळाला पत्रं लिहिली. झेरॉक्सची परवानगी काही आली नाही. अजूनही आलेली नाही. पण वाचायला बसवण्यापासून त्यांना कोण अडवणार? दप्तरखान्यातल्या खिडकीशी एक लांब टेबल लागलं, सहा खुर्च्या आल्या, आणि पाटी लागली: ‘कायद्यात उल्लेख असलेली मानके येथे विनाशुल्क वाचायला मिळतील.’ पाटीचा मजकूर आधी बाईंकडे तपासायला आला होता. त्यांनी त्यात एकच दुरुस्ती केली. ‘मिळू शकतील’ होतं, ते ‘मिळतील’ केलं. दाराची बिजागरीही बदलली. आता ते बाहेर उघडतं.

बाई मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी तिथे जातात. कुणी नेमलेलं नाही आणि त्यांनी विचारलेलंही नाही. पहिला महिना त्या आणि दप्तरवालेच बसले. मग लिफ्ट दुरुस्त करणारा एकजण आला. मग पाळणे बनवणाऱ्या दोघी जणी. मग एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना शेजाऱ्याच्या धुराड्याची उंची किती हवी ते बघायचं होतं. ते शेजाऱ्यावर तुटून पडायच्या तयारीनेच आले होते आणि आपलंच धुराडं आखूड निघाल्यावर हळूच छत्री घेऊन गेले. मानकाची भाषा कोरड्या भाकरीसारखी असते, पाण्याशिवाय घशाखाली उतरत नाही. बाई लोकांच्या शेजारी बसतात, ओळीखाली पट्टी धरतात, आणि वाक्य लांबलं की कुठे श्वास घ्यायचा ते सांगतात. ज्याला जे हवं ते तो वहीत उतरवून घेतो. उतरवलेला प्रत्येक आकडा मूळ प्रतीशी ताडल्याशिवाय त्या कुणाला उठू देत नाहीत. नेम म्हणजे नेम.

“पगार नाही, काही नाही, कशाला जातेस एवढ्या लांब?” भाऊ एकदा म्हणाला.

“अरे, तिथे लोक मला प्रश्न विचारतात,” बाई म्हणाल्या. “छापखान्यात एकतीस वर्षं सगळे माझे प्रश्न चुकवायचे.”

मध्यंतरी एका शुक्रवारी बाईंना सर्दी झाली आणि त्या घरीच राहिल्या. दुपारी बाराच्या सुमारास फोन वाजला. दप्तरवाले होते.

“बाई, गॅसच्या नळ्या जोडणारे एकजण आलेत. एकतिसाव्या पानावर अडलेत. तिथे ‘परंतु’ने सुरू होणारं वाक्य आहे. त्याने वरचं सगळं रद्द होतं का?”

“सगळं नाही. त्याच्या लगेच आधीचं तेवढंच. वाचून दाखवा बघू.”

दप्तरवाले वाचू लागले. मधेच थांबून त्यांनी विचारलं, “पट्टी आहे माझ्याकडे, धरू का?”

“धराच,” बाई म्हणाल्या, नाक पुसलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावून आरामात पाय वर घेऊन बसल्या.